सेंट फ्रान्सिस झेवियर : एका संताची अनेक पालकत्वे

कॅथलिक परंपरेत एखादा प्रदेश, व्यवसाय किंवा कार्य ज्या संताच्या मध्यस्थीवर सोपवले जाते, त्याला आश्रयदाता संत म्हणतात. हा मान कधी पोपच्या घोषणेने, कधी राज्यकर्त्यांच्या इच्छेने, तर कधी केवळ लोकश्रद्धेने मिळतो. सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या बाबतीत हे तिन्ही मार्ग दिसतात.

झेवियर यांचा जन्म १५०६ मध्ये नवारा राज्यात झाला. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात आले आणि ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर निवर्तले. १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. पुढे नवाराचा आश्रयदाता कोण, झेवियर की संत फर्मिन, असा वाद उभा राहिला. १६५७ मध्ये सातवे अलेक्झांडर या पोपनी दोघांनाही समान मान देऊन तो मिटवला.

गोव्याचे रक्षक ही त्यांची प्रतिमा युद्धप्रसंगी दृढ झाली. १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजा गोव्याच्या वेशीवर येऊन ठेपल्या, तेव्हा व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी बॉम जेझस चर्चमध्ये जाऊन आपला अधिकारदंड संताच्या शवापाशी ठेवला. पुढे मराठा सैन्य मागे फिरले. श्रद्धाळूंनी त्याचे श्रेय संताला दिले. मोगल फौज कोकणात उतरल्यामुळे ही माघार झाली, असे इतिहास सांगतो.

रोमकडून मिळालेले मान व्यापक आहेत. १७४८ मध्ये चौदावे बेनेडिक्ट यांनी त्यांना पूर्वेकडील देशांचे, तर १९०४ मध्ये दहावे पायस यांनी धर्मप्रसार कार्याचे आश्रयदाते ठरवले. १९२७ मध्ये अकरावे पायस यांनी लिझ्यूच्या संत तेरेसा यांच्यासह त्यांना मिशनकार्याचे आश्रयदाते घोषित केले. एकाने समुद्र पालथे घातले, तर दुसरीने मठाच्या चार भिंतींत प्रार्थना केली. तरी दोघांचा मान सारखाच.

‘गोंयचो सायब’ ही उपाधी मात्र लोकांच्या तोंडून रूढ झाली. ती सर्वांनाच मान्य नाही. झेवियर यांनी १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे गोव्यात इन्क्विझिशन स्थापन करण्याची विनंती केली होती, याकडे आक्षेप घेणारे बोट दाखवतात. ते न्यायासन त्यांच्या मृत्यूनंतर, १५६० मध्ये सुरू झाले. दुसरीकडे, ३ डिसेंबरच्या फेस्ताला जुने गोवे येथे ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदूही आवर्जून जातात. पोपची घोषणा तारखेनिशी सांगता येते. लोकांनी दिलेल्या मानाला तशी तारीख नसते आणि त्यावर एकमतही नसते.