शिंग, शीर आणि सरस

गल्लीच्या तोंडाशीच वास येतो. सरस शिजतोय. जुन्या सुताराच्या दुकानाजवळ ज्याचं बालपण गेलं, त्याला हा वास सांगावा लागत नाही. बाहेर बोटं आखडतील इतकी थंडी आहे. साल १८३६, शहर इस्तंबूल, आणि तुम्ही बायेझिद मशिदीच्या परिसरात एका धनुष्य करणाऱ्याच्या उंबऱ्यावर उभे आहात. आत शेगडीजवळ म्हातारे उस्ता बसलेत. त्यांचा ‘उस्ता’ आणि आपला तालमीतला ‘वस्ताद’ मूळचे एकाच फारसी शब्दाचे.

ते तुमच्या हातात एक वस्तू ठेवतात. अर्ध्या जिलबीसारखी वळलेली, धुळीने काळवंडलेली. “माझ्या वस्तादांनी सुरू केलं होतं. ते गेले, मग तीस वर्षं माळ्यावर पडून राहिलं.”

धनुष्य ते हेच! तुम्ही दोन्ही टोकं धरून, जिकडे बाक आहे तिकडेच ते आणखी वाकवून बघायला जाता. उस्ता झटकन तुमचं मनगट धरतात.

“उलट, बाळा! ते जिकडे वळलंय, त्याच्या विरुद्ध बाजूला नेऊन दोरी चढवायची असते.”

आतल्या बाजूला बैलाच्या शिरांचे तंतू आहेत, बाहेरच्या बाजूला म्हशीचं शिंग, मधे मॅपलच्या लाकडाची पातळ पट्टी. दोरी चढली की सगळं पालटतं. शिंग धनुर्धराच्या तोंडासमोर येतं आणि दाब सोसतं, तंतू पलीकडे जातात आणि ताण सोसतात. लाकडाने फक्त दोघांना एकत्र धरून ठेवायचं. एकट्या लाकडाचं एवढं आखूड धनुष्य इतकं खेचलं, तर मोडेलच.

हा विचार आपल्याला परका नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात लाकडी धनुष्यांच्या जोडीला शिंगाचंही धनुष्य येतं. ‘शार्ङ्गधर’ म्हणताना आपल्याला त्यातलं शिंग आठवत नाही, एवढंच.

उस्ता आता शिंगावर टिचक्या मारत टोकाकडे जातात. टक्, टक्, टक्. आणि एका जागी आवाज बसका येतो. “इथे सुटलंय.” शिरांच्या थरालाही एका टोकाला कसर लागली आहे. बोटभर जागेत तंतू भुगा होऊन गळतात.

गरम पाण्यात पिळलेलं फडकं ते त्या बसक्या जागेवर धरतात. बराच वेळ कुणी बोलत नाही. मग हाडाची पातळ पाती आत सरकते आणि शिंग अंगठाभर उचललं जातं. मोडत नाही, चिरत नाही. नुसतं सुटतं, कारण सरस ऊब आणि ओल मिळाली की पुन्हा मऊ होतो. मला या सगळ्या विद्येतलं हेच मोठं वाटतं. ज्यांनी ही वस्तू जोडली, त्यांनी ती उघडायची वाटही तिच्यातच ठेवली. आजच्या इपॉक्सीने हेच चिकटवलं असतं, तर उघडताना शिंगाचे तुकडे पडले असते.

आत बघा. शिंगावर आणि लाकडावर लांबच्या लांब बारीक खाचा आहेत, कंगव्याने ओढल्यासारख्या. एकाच्या खोबणीत दुसऱ्याचा उंचवटा बसतो. तुम्ही बोट पुढे करता.

“हात नको! बोटाचं तेल लागलं, तर सरस धरणार नाही.”

माशाचा सरस लागतो, शिंग बसतं, वरून दोरी आवळली जाते. शिरांपैकी कसर लागलेल्या तेवढ्याच ते काढतात. बाकीच्या त्यांच्या वस्तादांनी बसवलेल्या आहेत आणि अजून घट्ट आहेत. “धरून आहे त्याला हात लावायचा नाही.” दुरुस्ती करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवावं असं हे वाक्य आहे.

वसंत येतो. बैलाच्या टाचेमागच्या वाळलेल्या शिरा दगडावर मोगरीने कुटल्या जातात. पिवळट, काचेसारख्या कडक शिरांचे हळूहळू घायपाताच्या वाखासारखे पांढरे तंतू होतात. ते विंचरायचे, कोमट सरसात बुडवायचे, निथळायचे आणि मुठीकडून टोकाकडे घालायचे. जुन्या तंतूंत नवे असे मिसळायचे की सांधा एका रेषेत येऊ नये. तीस वर्षांपूर्वीचं काम आणि आजचं, दोन्ही एका ओल्या चकाकीखाली जातात. मग दोन्ही टोकं दोरीने जवळ ओढून बांधायची. वाळताना शिरा आकसतात आणि धनुष्य आणखी आत वळतं.

तुम्ही काळात फिरणारे, तुम्हाला ऋतू ओलांडता येतात. सरसाला येत नाहीत. उन्हाळा जातो, वर्ष पालटतं. तेव्हा कुठे उस्ता ते शेगडीवर शेकून उलट वळवतात, दोरी चढवतात, आणि दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत शिंग कानशीने घासत राहतात.

बंदुकांनी धनुष्याची लढाई कधीच संपवली आहे. तरी सुलतान दुसरा महमूद स्वतः धनुर्विद्या शिकलेला आहे, आणि त्याच्याच सांगण्यावरून मुस्तफा कानी याच सुमारास ही सगळी विद्या एका ग्रंथात लिहून काढतोय. तो ग्रंथ १८४७ साली छापला जाईल. नंतर कारागीर उरणार नाहीत तेव्हा लोक त्यातूनच शिकतील.

ओकमेयदानावर तुम्ही उस्तांबरोबर जाता. ‘मेयदान’ म्हणजे आपलं मैदानच. मैदानभर दगडी खांब उभे आहेत, लांब गेलेल्या बाणांची नोंद म्हणून. दुसऱ्या बायेझिदच्या काळातल्या तोझकोपारान इस्कंदरच्या नावावर सुमारे ८४५ मीटरची नोंद आहे. उस्ता अंगठ्यात अंगठी चढवतात, दोरी खेचतात, सोडतात. बाण तुम्हाला दिसत नाही. कानाशी फक्त दोरीचा आवाज राहतो.

परत आलात की एवढं करा. जुन्या घरात, संग्रहात, कुठेही शिंगाचं धनुष्य दिसलं, तर ते वाकवून बघू नका. अशी कितीतरी धनुष्यं उलट्या बाजूने दोरी चढवल्यामुळे मोडली आहेत. तेल लावू नका, उन्हात ठेवू नका. सुटलेला तंतू किंवा शिंगाचा कपचा पडला असेल, तर तो कागदात गुंडाळून धनुष्याजवळच ठेवा. दुरुस्त करणाऱ्याला तो लागेल.