धुराचा जमाखर्च

कोळसा खणणाऱ्यास मजुरी मिळते, वाहून नेणाऱ्यास भाडे मिळते, विकणाऱ्यास नफा मिळतो. तो जळल्यावर जो धूर आकाशात जातो, त्यापोटी मात्र कोणी कोणाचे काही देणे लागत नाही, असे गृहीत धरूनच औद्योगिक युगाने आपले हिशेब मांडले. हे देणे राष्ट्राच्या वहीत लिहिण्याचा प्रयत्न ज्या देशांनी सर्वप्रथम केला, त्यांत स्वीडनचा इतिहास बोधप्रद आहे.

योगायोग असा की, या देण्याचा पहिला अंदाजही तेथेच बांधला गेला. १८९४ च्या नाताळच्या पूर्वसंध्येस स्वांते अऱ्हेनियस हे शास्त्रज्ञ किचकट आकडेमोडीस बसले. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास तापमान सुमारे पाच ते सहा अंशांनी वाढेल, असा निष्कर्ष त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. मात्र थंडीने गारठलेल्या देशातील या विद्वानास ही ऊब स्वागतार्हच वाटली. भावी पिढ्यांना सौम्य हवामान आणि भरघोस पिके लाभतील, अशी त्यांची आशा होती. कर्ज जमेच्या बाजूस लिहिले गेले ते असे.

१९२० साली केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी एक साधे उदाहरण दिले. आगगाडीच्या ठिणग्यांनी रुळांलगतचे रान जळते. ते नुकसान रेल्वे कंपनीच्या खर्चात धरले जात नाही. अशी झळ ज्याच्यामुळे पोहोचते, त्याच्यावर तेवढा कर बसवावा, हे त्यांच्या विचाराचे सार. पुढील सत्तर वर्षे तो विचार बहुतांशी पाठ्यपुस्तकांतच राहिला.

१९९० साली फिनलंडने आणि १९९१ साली स्वीडनने कार्बन कर लागू केला. स्वीडनमध्ये आरंभीचा दर टनामागे २५० क्रोनर होता. त्याच वेळी प्राप्तिकर कमी करण्यात आला. कारखाने देशाबाहेर जातील या भीतीने १९९३ पासून उद्योगांना मोठी सवलत मिळाली आणि भार मुख्यतः घरे व वाहने यांच्यावर पडला. २०१८ पर्यंत सर्वसाधारण दर अकराशे क्रोनरच्या पुढे गेला होता. शहरांतील घरे उबदार ठेवणाऱ्या सामायिक भट्ट्यांत कोळसा व तेल यांच्या जागी लाकडाचा भुसा आणि जंगलातील टाकाऊ काटक्या आल्या. १९९० ते २०१७ या काळात देशांतर्गत उत्सर्जन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. राष्ट्रीय उत्पन्न मात्र पाऊणपटीने वाढले. अर्थात, जलविद्युत व अणुवीज हाताशी असल्याने स्वीडनची वाट सोपी होती, आणि परदेशातून आणलेल्या मालामागचा धूर या हिशेबात येत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

कर किती असावा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. २००६ साली निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारला दिलेल्या अहवालात म्हटले की, काहीच न केल्यास जगाचे दरवर्षी किमान पाच टक्के उत्पन्न बुडाल्यासारखे होईल. वेळीच आवर घालण्याचा खर्च सुमारे एक टक्का. विल्यम नॉर्डहाउस यांना हा अंदाज फार वाटला. मतभेदाचे मूळ एकाच प्रश्नात होते : नातवंडांचे नुकसान आजच्या रुपयात किती धरावे? या प्रश्नाचे उत्तर केवळ गणित देऊ शकत नाही.

आणखी एक बाब उरतेच. स्टॉकहोमचा धूर स्वीडनच्या सीमेवर थांबत नाही. कराचा पैसा मात्र स्वीडनच्याच तिजोरीत जमा होतो. ज्याचे शेत समुद्राने गिळले, त्याचे नाव या वहीत अजून लिहिलेले नाही. खर्चाची बाजू मांडली गेली, ही मोठीच गोष्ट झाली. परंतु देणे फिटले असे म्हणण्यास ती पुरेशी नाही.