शॅले कुणाचं?

आपल्या इंदुरातली पोरं हल्ली जानेवारीत चार मित्र जमवून गुलमर्गला स्की करायला जातात. रात्री शेगडीभोवती गप्पा, आणि लाकडी ‘शॅले’चे फोटो घरच्या ग्रुपवर! मंडळी, त्या शॅलेची गोष्ट ऐका.

शॅले म्हणजे मूळची आल्प्समधल्या गुराख्यांची झोपडी. उन्हाळ्यात गुरं वरच्या कुरणात न्यायची, तिथंच चीज करायचं, बर्फाआधी गावात उतरायचं. हिवाळाभर झोपडी रिकामी. सेंट मॉरिट्झच्या योहानेस बाद्रुट या हॉटेलवाल्यानं १८६४ साली इंग्रज पाहुण्यांना पैज लावून हिवाळ्यात बोलावलं, असं सांगतात. पुढे स्कीचं वेड आलं, आणि ओसाड हिवाळाच कमाईचा मोसम झाला.

गुलमर्गही कुरणच, ‘मर्ग’चा अर्थच तो. गुज्जर-बकरवाल उन्हाळ्यात गुरं-मेंढरं घेऊन काश्मीरच्या अशा कुरणांवर चढतात. १९२७ साली इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी तिथं स्की क्लब काढला. फोटोत आता बर्फ दिसतो, गुराखी दिसत नाही.

आपल्याला तरी तो दिसायला हवा. ज्यांच्यामुळे आपली घरं माळव्यात रुजली, ते मल्हारराव होळकर धनगराचेच पोर. मामाकडे मेंढरं राखत मोठे झाले. तेव्हा पोरांनो, मजा जरूर करा. पण तिथल्या म्हाताऱ्यांना विचारून या, उन्हाळ्यात इथं कुणाची गुरं चरतात? आणि ऐकाल ते इथं लिहा.