वाकड्या वाशांवरचं कवेलू

बोरगाव मेघेतल्या आमच्या जुन्या घरावर देशी कवेलू होते. मिरग लागायच्या आधी ते फेरायला एक काका यायचे. वानरांनी फोडलेले काढायचे, उरलेले पुन्हा रांगेत बसवायचे. खालचे वासे वाकडेतिकडे. मी एकदा विचारलं, तरी रांग जुळते कशी? ते म्हणाले, "वासा वाकडा हाय तं हाय. कवेलू थोडं जास्त चढवाचं."

ही गोष्ट आठवली ती पुण्यात, नोकरीवर. आर्किटेक्ट लोकांच्या थ्रीडी सॉफ्टवेअरसाठी मी कोड लिहीत होतो : वळणदार भिंतीवर नक्षीची पॅनेल्स आपोआप बसवायची. सॉफ्टवेअर भिंतीवर उभ्या-आडव्या रेषांची जाळी टाकतं आणि प्रत्येक चौकटीत एक पॅनेल ठेवतं. भिंत फुगते तिथे चौकट मोठी होते आणि नक्षी ताणली जाते. पॅनेल्स एकाच मापाची ठेवली, तर फटी पडतात. तीन आठवडे मी त्या फटींमागे होतो.

चूक कोडमध्ये नव्हतीच. सपाट कागद गोलावर न ताणता, न चुरगळता बसूच शकत नाही, हे कार्ल गाऊसच्या १८२७च्या सिद्धांतातून निघतं. संत्र्याला कागद गुंडाळून बघा. म्हणजे कुणीतरी माघार घ्यायला हवी : पृष्ठभागाने, नाहीतर पॅनेलने.

सिडनी ऑपेरा हाऊसमध्ये पृष्ठभागाने घेतली. योर्न उत्झनने १९५७ साली स्पर्धा जिंकली, तेव्हा छताच्या शिंपल्यांना नेमकी भूमिती नव्हती; जवळजवळ प्रत्येक तुकड्याला वेगळा साचा लागला असता. १९६१च्या सुमारास तोडगा निघाला : सगळे शिंपले सुमारे ७५ मीटर त्रिज्येच्या एकाच गोलातून कापायचे. गोलाचा बाक सगळीकडे सारखा, त्यामुळे तेच साचे पुन्हा पुन्हा चालले. दहा लाखांहून जास्त टाइल्स आधी जमिनीवर पॅनेल्समध्ये बसवल्या आणि मग वर चढवल्या.

मंगलोरी कौलानेही हेच केलं. बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्टने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला. साच्यात दाबलेलं हे कौल शेजारच्या कौलाच्या खाचेत अडकतं. त्याला सरळ, सारख्या अंतरावरच्या पट्ट्या लागतात. कौलासाठी छप्पर सरळ झालं.

देशी कवेलू स्वतः माघार घेतं. कुंभार चाकावर निमुळती नळी घडवतो आणि ती उभी चिरून दोन कवेलू करतो. एक रांग उताणी, तिच्या कडांवर दुसरी पालथी. कोणतं कवेलू किती चढवायचं, हे जागेवरच ठरतं. वाशांचा वाकडेपणा त्या चढीत जिरतो. गांधीजी १९३६ साली शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला राहायला आले. तिथल्या बापू कुटीवर आजही कवेलूच आहेत. या सोयीची किंमत म्हणजे खाच नसल्यामुळे कवेलू सरकतं आणि पुन्हा पुन्हा फेरावं लागतं.

शेवटी मी पॅनेल्सना एकमेकांवर थोडं चढायची मुभा दिली. फटी गेल्या. कोडमध्ये त्या आकड्याचं नाव 'चढ' आहे. पण उतार कमी असेल तर चढ किती वाढवायची, पाणी कुठून मागे फिरतं, हे काकांच्या हाताला माहीत होतं. ते कुणी शिकून घेतलं नाही. मीही नाही. आमच्या घरावर आता स्लॅब आहे.