पाच सेंटांचा समुद्रकिनारा

न्यू यॉर्कमधील ब्रुकलिनच्या दक्षिण टोकाला, अटलांटिक महासागराच्या काठी कोनी आयलंड आहे. एके काळी हे बेट होते. मधल्या खाडीचा काही भाग बुजवल्यावर ते जमिनीला जोडले गेले. १८२९ मध्ये येथे पहिले हॉटेल उभे राहिले, तेव्हा घोडागाडी आणि मुक्कामाचा खर्च परवडणारे मोजके लोकच येत. १८६० आणि १८७० च्या दशकांत वाफेची रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोहोचली. सकाळी निघून संध्याकाळी घरी परतणे शक्य झाले आणि गर्दी वाढू लागली.

१८८४ मध्ये लामार्कस थॉम्पसन यांनी येथे लाकडी उतारांवरून धावणारी गाडी सुरू केली. एका फेरीचे पाच सेंट पडत. रोलर कोस्टरच्या व्यवसायाला अमेरिकेत येथूनच जोर आला. पुढे स्टीपलचेस (१८९७), लूना पार्क (१९०३) आणि ड्रीमलँड (१९०४) ही तीन मोठी करमणूक उद्याने उघडली. लूना पार्क रात्री विजेच्या लाखो दिव्यांनी उजळत असे. गरिबांच्या घरांत तेव्हा वीज नव्हती, त्यामुळे हा झगमगाटही पाहण्याजोगा होता. मात्र बांधकामे लाकडाची असल्याने आगीचा धोका कायम होता. ड्रीमलँड १९११ मध्ये जळून खाक झाले.

समुद्र मात्र अजून सर्वांना मोकळा नव्हता. किनाऱ्याचा बराच भाग हॉटेले आणि स्नानगृहे चालवणाऱ्यांच्या ताब्यात होता. पाण्यात उतरण्यासाठी लोकांना पैसे मोजावे लागत. दोन गोष्टींनी हे चित्र पालटले. १९२० मध्ये शहराच्या भुयारी रेल्वेचे पाच सेंटांचे तिकीट थेट कोनी आयलंडपर्यंत चालू लागले. १९२३ मध्ये महापालिकेने किनाऱ्यालगत लाकडी फळ्यांचा रुंद फिरण्याचा रस्ता खुला केला आणि वाळूची भर घालून किनारा सार्वजनिक केला. खाणेही स्वस्त होते: १९१६ पासून नेथन हँडवर्कर पाच सेंटांना हॉट डॉग विकत होते. १९२० मध्ये वंडर व्हील हा उंच आकाशपाळणा आणि १९२७ मध्ये सायक्लोन हा रोलर कोस्टर सुरू झाला.

उन्हाळ्यात मॅनहॅटनच्या कोंदट चाळवजा इमारतींत राहणाऱ्या कुटुंबांना रविवारची दुपार घालवायला आता हक्काची जागा मिळाली. ज्यू, इटालियन, आयरिश असे नाना देशांतून आलेले लोक एकाच वाळूत खेटून बसत. कडक उन्हाच्या रविवारी दहा लाखांपर्यंत लोक आल्याचे अंदाज त्या काळी छापून येत.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींमुळे दूरचे किनारे आवाक्यात आले आणि येथील ओघ ओसरला. लूना पार्क १९४४ च्या आगीत उद्ध्वस्त झाले होते. स्टीपलचेस १९६४ मध्ये बंद पडले. सायक्लोन, वंडर व्हील आणि फळ्यांचा रस्ता मात्र आजही वापरात आहेत. किनाऱ्यावर जायला आजही तिकीट लागत नाही. कोनी आयलंडच्या इतिहासातील सर्वांत मोलाची कमाई हीच आहे.