केवडा रोग (भेंडीचा) व पांढऱ्या माशीतील प्रथिने

पानांच्या शिरा पिवळ्या पडून त्यांचे जाळे उठून दिसणे, मग सगळे पान पिवळे होणे आणि फळे फिकट, आखूड व राठ निघणे, ही या विषाणुजन्य रोगाची लक्षणे. त्याला हळद्याही म्हणतात. रोप लहान असताना लागण झाली, तर तोड्याची आशाच उरत नाही.

रोगाचे आरंभीचे संशोधन पुण्यात झाले. मुंबई इलाख्यातील या रोगाची नोंद कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये केली. उप्पल, वर्मा व कपूर यांनी १९४० मध्ये विषाणूला नाव दिले आणि त्याचे पांढऱ्या माशीशी असलेले नाते वर्मा यांनी १९५२ मध्ये मांडले.

माशी विषाणूची नुसती वाहक आहे, ही समजूत अपुरी आहे. रसाबरोबर आत गेलेल्या विषाणूला आतड्याची भिंत ओलांडून रक्तद्रवात आणि तिथून लाळग्रंथीत पोहोचावे लागते. तेव्हाच तो पुढच्या झाडात उतरतो. टोमॅटोच्या पर्णगुच्छ विषाणूवर, म्हणजे याच कुळातील भाऊबंदावर, इस्राएलमध्ये झालेल्या प्रयोगांत तो १० मिनिटांत माशीच्या डोक्यात, ४० मिनिटांत मधल्या आतड्यात, ९० मिनिटांत रक्तद्रवात आणि त्यानंतर साडेपाच तासांनी लाळग्रंथीत आढळला. हरितगृहातील पांढरी माशी हाच विषाणू रसातून घेते, पण तिच्या आतड्याची भिंत त्याला ओलांडता येत नाही. ती रोग पसरवत नाही.

वाट उघडणे वा अडवणे हे काम प्रथिनांचे. माशीच्या पेशींत राहणारे सहजीवी जीवाणू ‘ग्रोईएल’ हे प्रथिन तयार करतात. ते विषाणूच्या आवरणाला चिकटते आणि रक्तद्रवात त्याचा बचाव करते, असे मानले जाते. या प्रथिनाविरुद्धची प्रतिद्रव्ये माशीला पाजली, तेव्हा टोमॅटोवरील प्रसार ८० टक्क्यांहून अधिक घटला (१९९९). सायक्लोफिलिन बी हे माशीचे स्वतःचे प्रथिनही विषाणूला साथ देते. एचएसपी७० मात्र त्याच्या वाटेत आडवे येते: ते निकामी केल्यावर प्रसार वाढला. माशीला मारण्याइतकेच तिच्यातील ही झुंज समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण औषधाने ती मरेपर्यंत तिची सोंड रोपात गेलेली असते.

पपईवरील वलयी ठिपक्यांच्या विषाणूची रीत निराळी. तो माव्याच्या सोंडेशीच चिकटून राहतो, आतड्यापलीकडे जात नाही. त्यामुळे मावा क्षणभर टोचूनही लागण करतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने पुसा सावनीचा अबेलमॉस्कस मॅनिहॉट या जातभाईशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हे केवड्याला दाद न देणारे वाण दिले. पुढे अनेक ठिकाणी त्याची प्रतिकारशक्ती ढळली. माशीतील प्रथिन बंद पाडणारे द्विसूत्री आरएनए प्रयोगशाळेत परिणाम दाखवतात. शेतात आज उपयोगी पडतात ते सहनशील वाण, पिवळे चिकट सापळे आणि पहिले पिवळे रोप दिसताच ते उपटून नष्ट करणे.