बऱ्हाणपूर ते आग्रा : २०७ कोसांची वाट

बऱ्हाणपूरच्या स्थानकावर गाडीत बसलेला उतारू आज बारा-चौदा तासांत आग्र्याला उतरतो. मोगल अमदानीत या दोन शहरांमधील अंतर महिन्याच्या हिशेबात मोजले जाई. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात त्या वाटेची मोजदाद लिहून ठेवली आहे : सुरत ते बऱ्हाणपूर १३२ कोस, बऱ्हाणपूर ते सिरोंज १०१, सिरोंज ते आग्रा १०६, एकूण प्रवास ३५ ते ४० दिवसांचा. कोसाची लांबी मुलखागणिक बदले. तेव्हा वाटसरूच्या दृष्टीने कोसांपेक्षा मुक्काम किती, हाच खरा प्रश्न असे.

ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर पीटर मंडी या वाटेने नोव्हेंबर १६३० मध्ये सुरतेहून निघाला आणि जानेवारी १६३१ च्या आरंभी आग्र्यास पोहोचला. पावसाने दगा दिल्यामुळे गुजरात, खानदेश आणि दख्खन भीषण दुष्काळात होरपळत होते. रस्ता प्रेतांनी भरलेला होता. नंदुरबारजवळ लहानसा तंबू ठोकण्याइतकीही मोकळी जागा मिळेना, असे मंडी लिहितो. माळव्यात धान्य होते, परंतु ते तांड्यांच्या बैलांवरून बऱ्हाणपुराकडे जाई, कारण दक्षिणेच्या मोहिमेसाठी शहाजहान १६३० पासून तेथे सैन्यासह तळ देऊन होता. बादशहाने बऱ्हाणपूर, सुरत आणि अहमदाबाद येथे लंगर उघडले, असे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो. ते खोटे मानण्याचे कारण नाही. परंतु लंगर शहरात होते, आणि माणसे वाटेवर मरत होती.

मंडी आग्र्यास पोहोचल्यावर सहाच महिन्यांनी, १७ जून १६३१ रोजी, मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात बऱ्हाणपुरात निवर्तली. तापीपलीकडील जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले. ते तात्पुरतेच होते. मध्ये पावसाळा होता. माळव्याची काळी जमीन आणि भरलेली नर्मदा असताना असा लवाजमा निघणे कठीणच. डिसेंबरात शवपेटी उत्तरेस निघाली. सोबत पंधरा वर्षांचा शहजादा शुजा, हकीम वजीरखान आणि राणीची विश्वासू सतिउन्निसा होती. वाटेत गोरगरिबांस अन्न आणि नाणी वाटली जात होती. जानेवारी १६३२ मध्ये, सुमारे चार आठवड्यांनी, शवपेटी आग्र्यास पोहोचली.

म्हणजे दिवसाला सात-साडेसात कोस. ताव्हेर्नियेच्या हिशेबाने सामान्य प्रवासी नऊ कोस चालत असे. हिंदुस्थानच्या बादशहालाही आपल्या प्रिय पत्नीचा देह बैलगाडीच्या वेगाहून लवकर नेता आला नाही. मात्र तो नेण्यास त्याच्याजवळ माणसे, जनावरे आणि अन्न होते. वर्षापूर्वी नंदुरबारजवळ पडलेल्यांना पुढच्या गावापर्यंत उचलून नेण्यासही कोणी नव्हते.

आग्र्यास यमुनाकाठी राणीचे पुन्हा तात्पुरते दफन झाले आणि ताजमहालाचे काम सुरू झाले. बादशहा स्वतः शवपेटीबरोबर गेला नव्हता. दक्षिणेतील कामात तो बऱ्हाणपुरातच राहिला, आणि पुढे १६३२ मध्येच आपला तळ उठवून आग्र्यास परतला.